पार्किन्सन्समध्ये मेंदूत ‘सूज’ असते म्हणजे नक्की काय?

सावली: बाबांना पार्किन्सन्स आहे. डॉक्टर म्हणाले डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि त्यात सुजेचाही हात असतो, पण एमआरआयमध्ये तर सूज वगैरे काहीच आलं नाही, मग ही कुठली सूज?

रानवारा: ही पेशींच्या पातळीवरची सूज, साध्या एमआरआयत नाही दिसत. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात, त्या चवताळल्या की टीएनएफ-अल्फासारखी सूज वाढवणारी रसायनं सोडत राहतात. १९८८ मध्ये संशोधक मॅकगीर आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत, सब्स्टॅन्शिया नायग्रामध्ये (डोपामिन बनवणाऱ्या पेशी असतात तो भाग), अशा चवताळलेल्या पेशी दाखवल्या होत्या. आणि तिथले न्यूरॉन मुळातच नाजूक, डोपामिनचं ऑक्सिडेशन होतं, लोहही बरंच असतं, या दोन्हींतून पेशींना इजा करणारे रेणू बनतात, वर त्यांपासून बचाव करणारं ग्लुटाथिओन या आजारात तिथे कमी झालेलं सापडतं.

सावली: मग आयबुप्रोफेन, ती सूज कमी करणारी वेदनाशामक गोळी, सुरू करू का? घरात आहे.

मधुमालती: अजिबात नको ताई! काही पाहण्यांमध्ये ती घेणाऱ्यांत हा आजार होण्याचं प्रमाण कमी दिसलं हे खरं, पण झालेला आजार त्याने थांबतो असं सिद्ध नाही, आणि या वयात पोट, किडनी दोन्हीला धोका. त्यापेक्षा बाबांना रोज चालवा, चांगला घाम येईपर्यंत, झेपेल तेवढंच पण. आणि लेव्होडोपाची (मेंदूत डोपामिन बनतं त्या औषधाची) वेळ चुकवू नका प्लीज.