न झालेल्या मार्गाचे रूळ आपण टाकावेत का?

घाटकरी

गेल्या आठवड्यात 'कागदी रूळ' यांनी आपल्या या मंचावर, सगळ्यांनी मिळून संगणकावर बांधायच्या पुढच्या मार्गाविषयी जे लिहिले, ते वाचून मी दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रत्यक्षात असलेला मार्ग ओपन रेल्स या रेल्वे सिम्युलेटरमध्ये पुन्हा उभा करणे म्हणजे उपग्रहचित्रावर कागद ठेवून गिरवणे. कल्पकता दाखवायची असेल, तर २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात जाहीर होऊनही अद्याप न झालेला वैभववाडी–कोल्हापूर मार्ग आपण बांधावा आणि कर्जत–लोणावळ्याचे 'तेच ते' आता पुरे करावे.

'गिरवणे' हा शब्द मला लागला, हे मी लपवत नाही. कर्जत–लोणावळ्याच्या या भोर घाटाच्या मार्गावर मी चार वर्षे घालवली आहेत. पळसधरीच्या पुढे अप, डाउन आणि मिडल या तीन लाइनी एकमेकींना समांतर जात नाहीत. कोणती वर असते, कोणती खाली असते आणि एखादी मध्येच वेगळ्या बोगद्यात शिरते. उपग्रहचित्रात त्या जागी नुसते जंगल दिसते आणि बोगद्याच्या आत काय आहे, ते तर कोणत्याच चित्रात दिसत नाही. त्यासाठी मी पॅसेंजर गाडीच्या दारापाशी वही घेऊन उभा राहिलो आहे, किलोमीटरचे दगड आणि चढाच्या पाट्या एकेक करून उतरवून घेतल्या आहेत आणि पावसात भिजलेली ती वही पंख्याखाली वाळवली आहे. जांबरूंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल या सिग्नल केबिनींतले अंतर चुकले, तर १ : ३७ च्या (३७ मीटरला एक मीटर) उतारावर गाडी भलत्याच ठिकाणी उभी राहते.

माझा मुख्य आक्षेप असा आहे. माझ्या मार्गात नागनाथची केबिन पन्नास मीटर सरकली, तर रोज प्रगती एक्स्प्रेसने जाणारा कोणीतरी त्याच रात्री मला चूक कळवतो. न झालेल्या मार्गातली चूक दाखवायला कोण येणार? तिथे हवा तेवढा चढ द्यावा, हवे तिथे वळण घालावे आणि वर त्याला कल्पकता म्हणावे.

कागदी रूळ

घाटकरी यांच्या वहीला माझा नमस्कार. 'गिरवणे' हा शब्द मी मागे घेतो आणि त्याऐवजी 'मिसळणे' म्हणतो, कारण त्यांच्या मार्गात जुने रिव्हर्सिंग स्टेशनही आहे आणि पंचवीस हजार व्होल्टची तारही आहे. गाडीची दिशा उलटवणारे ते स्थानक १९२९ मध्ये नवी लाइन आल्यावर बंद झाले. त्या वेळी आणि त्यानंतर कित्येक दशके घाटात दीड हजार व्होल्टचा डीसी प्रवाह होता. हे दोन्ही एकाच दिवशी कोणत्या प्रवाशाने पाहिले, ते कळवावे. अस्सलपणाचा एवढा आग्रह असेल, तर आधी साल ठरवावे.

राहिला 'हवा तेवढा चढ' हा आरोप. तोही खरा नाही, कारण कागदावरचे आकडेच मला बांधून घालतात. मार्गाची लांबी सुमारे १०७ किलोमीटर सांगितली जाते. कोल्हापूरहून गगनबावडा सडकेने साधारण ५५ किलोमीटर आहे आणि ती वाट बव्हंशी नदीखोऱ्यातून जाते, म्हणजे रेल्वेही जवळपास तशीच जाईल. उरले ५२ किलोमीटर. कोकणच्या पातळीवरून वर येण्यासाठी ५०० मीटरची चढाई धरली, तर १ : १०० च्या चढाने तिला ५० किलोमीटर लागतात. कोकण रेल्वेसारखा १ : १५० चा चढ धरला, तर ७५ लागतील आणि ते बसणार नाहीत, १ : ३७ धरला, तर साडेअठरात काम होईल, पण मग उरलेले अंतर कशासाठी, हे सांगता येणार नाही. म्हणजे हा मार्ग १ : १०० च्या आसपासचाच असणार, हे घरबसल्या काढता येते. यालाच मी आखणी म्हणतो.

रंकाळ्याकाठी

मी कोल्हापूरचा आहे आणि माझे आजोळ वैभववाडी तालुक्यात आहे, त्यामुळे माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा कोणी ठेवू नये. लहानपणी मे महिन्यात करूळ घाटाने एसटीतून उतरताना आई आम्हा भावंडांच्या हातात लिंबाची फोड देऊन ठेवत असे. पावसाळ्यात दरड आली, की घाट बंद आणि मग भुईबावड्याने वळसा. रेल्वेने जायचे म्हटले, तर आजही मिरज, लोंढा, मडगाव असे फिरून किंवा पुणे, पनवेल असे त्याहूनही मोठे फिरून जावे लागते. आमच्याकडे रेल्वे १८९१ मध्ये आली आणि जिथे येऊन थांबली, तिथेच आजही थांबलेली आहे. तेव्हा प्रत्यक्षात नाही, तर निदान पडद्यावर तरी ती पुढे जाऊ द्या.

मात्र आखणीतला खरा प्रश्न दोघांनीही टाळला आहे. कोल्हापूरचे स्थानक टोकाचे आहे. रूळ संपतात तिथे पुढे शहर आहे. नवी लाइन काढायची तर अलीकडे गूळ मार्केटच्या बाजूने फाटा काढावा लागेल. म्हणजे मिरजेहून कोकणात जाणारी गाडी एक तर कोल्हापुरात येऊन इंजिन उलटे लावेल किंवा शहराला बाहेरूनच नमस्कार करून निघून जाईल. कोल्हापूरला न थांबणाऱ्या कोल्हापूर मार्गाला मी हातभार लावणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

मिरज जंक्शन

इंजिन उलटे लावण्याचीच हौस असेल, तर एवढा सह्याद्री कशाला खणता? माझा प्रस्ताव मी तिसऱ्यांदा मांडतो आहे आणि या वेळी तरी तो वाचला जावा. १९८० च्या सुमाराचे मिरज बनवा. एकाच स्थानकात तीन गेज, म्हणजे दोन रुळांमधली तीन वेगवेगळी अंतरे होती: पुणे आणि कोल्हापूरकडे ब्रॉडगेज, बेळगाव–लोंढ्याकडे मीटरगेज आणि पंढरपूरमार्गे कुर्डुवाडी–लातूरकडे बार्शी लाइटची अडीच फुटी नॅरोगेज. आजी मला आषाढीला घेऊन जात असे, तेव्हा मोठ्या गाडीतून उतरून त्या बुटक्या डब्यात शिरताना मला दर वेळी वाटायचे, की आपणच अचानक उंच झालो आहोत. डब्यांच्या टपावरही वारकरी बसलेले असत. असे स्थानक आता कुठेही पाहायला मिळणार नाही. ते बनवण्याऐवजी तुम्ही जो मार्ग कधी झालाच नाही, त्याच्या बोगद्यांवरून भांडत आहात.

तीस मीटरचा ठिपका

मिरजेविषयीचे प्रेम समजते. पण तीन गेज म्हणताना आपल्याकडे धड एक तरी आहे का, ते पाहावे. आपले ओपन रेल्स मुळात २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या साच्यावर उभा आहे आणि त्यातले जुने रूळ १४३५ मिलिमीटरचे आहेत. आपले ब्रॉडगेज १६७६ चे आहे. २४१ मिलिमीटरचा हा फरक लपवण्यासाठी डबे बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षे चाकांच्या बोग्या आत दाबून बसवल्या. समोरून पाहिले, की डबा काठीवर उभ्या केलेल्या कपाटासारखा दिसतो. आता रुंद रूळ वापरावेत, तर जुन्या डब्यांची चाके रुळांच्या आत पडतात. त्यात मीटरगेज आणि नॅरोगेज यांचे सांधे, क्रॉसिंग आणि फलाटांची वेगवेगळी उंची बनवायची, तर ते एका माणसाचे दोन वर्षांचे काम आहे. तो माणूस कोण, हे मिरज जंक्शन यांनी सांगावे.

मिरज जंक्शन

तो माणूस मी नाही, कारण मला त्रिमिती प्रतिकृती बनवता येत नाहीत, हे मी पहिल्या प्रस्तावातच लिहिले होते. पण १४३५ च्या रुळांवर डेक्कन क्वीन धावलेली तुम्हांला इतकी वर्षे चालली आणि मिरजेचे नाव निघताच गेज आठवले, याची गंमत वाटते.

तीस मीटरचा ठिपका

मला ती कधीच चालली नाही. रुंद रुळांचा आग्रह मी पहिल्यापासून धरला, तेव्हा 'चालवताना आपण आत बसलेले असतो, बाहेरून कोण बघतो' असे उत्तर मला इथेच मिळाले होते. ते कोणी दिले होते, हे घाटकरी यांना आठवत असेलच.

घाटकरी

ते मीच दिले होते आणि ते चुकीचे होते, असे आता लिहून देतो, म्हणजे प्रत्येक चर्चेत ते उकरून काढण्याचे आपले श्रम वाचतील. रिव्हर्सिंग स्टेशनचा मुद्दाही मान्य. मला ते हवे होते म्हणून मी ते ठेवले. त्याला अस्सल म्हणता येणार नाही. आता कृपया गेज सोडून आखणीकडे येऊ.

निवृत्त खेकडा

मी घाटात मालगाड्या चालवल्या आहेत. माझे नाव ज्या इंजिनांवरून घेतले आहे, ती जुनी डब्ल्यूसीजी–१ आम्ही खेकडा म्हणूनच ओळखत असू. उतारावर कॅच सायडिंगपाशी गाडी उभी करायची, काटा मुख्य लाइनीला लागेपर्यंत थांबायचे आणि मगच पुढे सरकायचे. गाडी आवरली नाही, तर ती त्या चढावर जाऊन थांबावी, एवढ्यासाठी तो रूळ असतो. एका पावसाळी रात्री ब्रेक सोडल्यावर, ज्यावर ते ब्रेक चालत तो व्हॅक्यूम पुन्हा बनायला जो वेळ लागला, तो घड्याळात मिनिटांचा असेल, पण माझ्या सहायकाने तेवढ्यात तीनदा बाहेर डोकावून पाहिले होते. हे सांगण्याचे कारण असे, की चढउताराचे गणित चुकले, तर काय होते, ते मला अंगाने ठाऊक आहे.

कागदी रूळ यांचे गणित चुकले आहे. १ : १०० म्हणजे एक टक्का, पण ब्रॉडगेजवर वळणाच्या प्रत्येक अंशामागे ०.०४ टक्के चढ कमी करावा लागतो, कारण वळणही गाडीला ओढून धरते. घाटात सरळ रूळ असतो तरी किती? सगळीकडे दोन अंशांचे वळण धरले, तर हाती ०.९२ टक्के उरतात. शिवाय एकेरी मार्गावर गाड्या चुकवायला दोन तरी स्थानके लागणार आणि स्थानकाचा पट्टा जवळजवळ सपाट हवा. त्यात प्रत्येकी दीड किलोमीटर गेला, की ४९ किलोमीटर उरतात आणि त्यांत तुम्ही ४५० मीटरच चढता. पन्नास मीटर कुठून आणणार?

कागदी रूळ

काका, आपण गाड्या चालवल्या आहेत, मार्ग आखलेले नाहीत. आखणी करणाऱ्याला ढोबळ अंदाजापासूनच सुरुवात करावी लागते.

निवृत्त खेकडा

ज्याने आखला, त्याची चूक चालवणाऱ्याला भरून काढावी लागते. माझ्या वयाचा नव्हे, माझ्या आकड्यांचा प्रतिवाद करावा.

घाटकरी

आज पहिल्यांदा मला कागदी रूळ यांच्या मार्गात रस वाटू लागला आहे, कारण त्यात चूक दाखवायला अखेर कोणीतरी आले.

कागदी रूळ

टोमणा पोहोचला. रात्री दोन वाजेपर्यंत पुन्हा आकडेमोड केली आणि काकांचे म्हणणे खरे निघाले. बोलण्यात मर्यादा सुटली, त्याबद्दल माफी मागतो. पन्नास मीटर कमीच पडतात. पण त्यावर तोडही सापडली. गगनबावड्याच्या गावापर्यंत चढायचेच कशाला? कड्याच्या पोटातून सहा किलोमीटरचा बोगदा काढून पूर्वेकडे कुंभी नदीच्या खोऱ्यात खालच्या पातळीवर बाहेर पडता येईल. कोकण रेल्वेवर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहेच, त्यामुळे कल्पना अवास्तव म्हणता येणार नाही.

तीस मीटरचा ठिपका

बोगद्याच्या तोंडाचे काय करणार? भूपृष्ठासाठी आपण जी उंचीची माहिती वापरतो, तिच्यात दर तीस मीटरला एक ठिपका असतो. सह्याद्रीचा उभा कडा दोन ठिपक्यांच्या मध्ये सापडला, की त्याची घसरगुंडी होते आणि बोगद्याचे तोंड तिच्यावर लोंबकळत राहते. भोर घाटात घाटकरी यांनी तो कडा चौकोन चौकोन करून हाताने उचलला आहे, हे मी स्वतः पाहिले आहे. तेवढे काम इथे कोण करणार?

घाटकरी

मी करतो. याला माझी संमती समजू नये. मार्ग काल्पनिकच आहे आणि वर्णनात तसे पहिल्या ओळीत लिहिले जाईल; त्याशिवाय माझ्या फायली मिळणार नाहीत. पण कडा खरा आहे आणि तो कोणी घसरगुंडीसारखा केलेला मला पाहवणार नाही. कोल्हापूरकडच्या फाट्याचे रंकाळ्याकाठी यांनी बघावे.

रंकाळ्याकाठी

बघतो. गाडी कोल्हापुरात येणार, वीस मिनिटे थांबणार, इंजिन उलटे लागणार आणि मगच कोकणात जाणार. यावर चर्चा होणार नाही.

मिरज जंक्शन

म्हणजे इंजिन उलटे लावायला मिरज चालत नव्हते, कोल्हापूर चालते. नोंद घेतली आहे. चौथा प्रस्ताव दिवाळीनंतर मांडीन.

निवृत्त खेकडा

बोगद्यात १ : १०० ठेवू नका. आत रूळ ओले असतात, चाके जागच्या जागी फिरतात. तिथे १ : १५० वर या.

कागदी रूळ

म्हणजे सहा किलोमीटरमध्ये आणखी वीस मीटर गेले. वही पुन्हा उघडतो.