मुंगळा, मंकोडा की सुतार मुंगी?

दांडियाबाजार: मुलांच्या मासिकासाठी मुंग्यांवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस आहे, आपल्या बडोद्याच्या अंगणातली मोठी काळी. कॅम्पोनोटस या तिच्या वंशाला (जवळच्या जातींच्या गटाला) इंग्रजीत कार्पेंटर अँट म्हणतात म्हणून ‘सुतार मुंगी’ लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, “मंकोड्याला सुतार कोणी केलं गं?” काय ठेवू?

पाणीगेट: सुतारपक्षी चालतो, मग सुतार मुंगी का नको?

मांडवी: कारण ही राहते झाडाच्या मुळाशी, मातीत. वंशातल्या काही जाती लाकूड पोखरून घर करतात. खात नाहीत; खाते ती वाळवी, आणि ती तर झुरळाच्या गोतातली. हजारावर जातींच्या वंशाचं टोपणनाव हिच्या माथी कशाला? सरळ ‘मुंगळा’ लिहा.

अलकापुरी: मुंगळाच. मंकोडा गुजराती आहे.

रावपुरा: असेना! तीन पिढ्या आमच्या गुळाच्या डब्याला मंकोडेच लागतात. पुण्याचा मामा हसतो, हसू दे.

अलकापुरी: याच गावात सयाजीरावांनी शब्दांसाठी ‘शासनशब्दकल्पतरु’ करवून घेतला, १९३१ साली. थोडी तरी चाड ठेवा.

रावपुरा: तो कारभाराचा कोश. त्यात मुंगळा सापडला तर पान कळवा.

मांडवी: गोची वेगळीच आहे. मुंगळा पुल्लिंगी, पण रांगेत दिसतात त्या सगळ्या कामकरी माद्या, मोठ्या डोक्याच्यासुद्धा. नर पंखवाले, मीलन झालं की मरतात. ‘मुंगीचा नवरा मुंगळा’ हे काही खरं नाही.

पाणीगेट: घूस स्त्रीलिंगी, म्हणून घुशींत नर नसतात का?

मांडवी: बरोबर, लॅटिनमध्येही तेच. १७८७ साली फाब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने हिला ‘फॉर्मिका कॉम्प्रेसा’ म्हटलं, कारण फॉर्मिका स्त्रीलिंगी. मायर या दुसऱ्या कीटकशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये केलेला कॅम्पोनोटस वंश पुल्लिंगी. ही त्यात गेली आणि कॉम्प्रेसाची कॉम्प्रेसस झाली. मुंगी होती तिथेच!

नागपूरची सून: आमच्याकडे डोंगळा म्हणतात. कडकडून चावतो.

मांडवी: चावतो खरा, पण नांगी नाही. फॉर्मिक आम्ल सोडतो, म्हणून चुरचुरतं.

नाशिककर: डोंगळा म्हणजे बियाण्याच्या कांद्याचा दांडा हो! मुंगळ्याचा काय संबंध?

नागपूरची सून: तो तुमच्या शेतातला. आमचा चालतो.

अलकापुरी: मुळात मुंगी हा शब्दच मुगावरून आला असेल, असा माझा आपला अंदाज. मुगाएवढी, म्हणून मुंगी.

रावपुरा: मग माझ्या ओट्यावरच्या बारक्या लाल मुंगीला काय म्हणू, राजगिरी?