ॲलिस कूपरचा रियुनियन अल्बम: खरंच ओरिजिनल बँड आहे काय?

टिळकवाडीचा धाकटा:
नमस्कार मंडळी, दादाला पुढच्या महिन्यात पन्नास पूर्ण होतात. कॉलेजात त्यांचा पाच जणांचा बँड होता, आमच्या माडीवर प्रॅक्टिस चालायची आणि मी जिन्यात बसून ऐकायचो. आता त्यानं जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून घेतलाय, म्हणून ॲलिस कूपर या अमेरिकन रॉक बँडची जुनी माणसं परत एकत्र येऊन केलेला 2025 चा 'द रिव्हेंज ऑफ ॲलिस कूपर' एलपीवर, म्हणजे मोठ्या रेकॉर्डवर, मागवावा म्हणालोय. पण एकदा हात पोळलेत आमचे. 1998 ला किस या रॉक बँडचा 'सायको सर्कस' आला तेव्हा ओरिजिनल चौघं परत आले म्हणून दादानं पहिल्या पगारातनं तो घेतला आणि नंतर कळलं की ड्रमर पीटर क्रिसचे ड्रम्स एकाच गाण्यात आहेत, गिटारवाला एस फ्रेलीपण जेमतेम एक-दोन गाण्यांत, बाकी बाहेरच्यांनी वाजवलेलं. लई मनाला लागलं होतं त्याच्या. हा पण तसलाच असेल तर नको, कुणी नीट ऐकलाय काय?

खानापूरकर:
मागव मागव, हा तसला नाही. जुलैत आला तेव्हा आमच्याकडं पाऊस आणि लाईट गेलेली, मोबाईलवर हेडफोन लावून सलग दोनदा ऐकला. आधी ॲलिस कूपर हे अख्ख्या बँडचं नाव होतं, गायकानं ते स्वतःला घेतलं ते नंतर, आणि 1975 पासून तो सोलो. त्या बँडचा शेवटचा अल्बम 1973 चा 'मसल ऑफ लव्ह', म्हणजे बावन्न वर्षं मधे गेली की. आता त्या बँडचे गिटारवाला मायकल ब्रूस, बासवाला डेनिस डनवे, ड्रमर नील स्मिथ तिघंही स्वतः वाजवालेत आणि प्रोड्यूसर तोच बॉब एझरिन. पहिलंच गाणं लाव, डनवेचा बास गिटारच्या मागं लपत नाही, स्वतःची चाल धरून पुढं सरकतो, तो हात दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. चौदाच्या चौदा गाणी भारी आहेत असं नाही म्हणणार, मधे दोन-तीन लांबलीत.
बँडचा पाचवा, गिटारवाला ग्लेन बक्स्टन 1997 ला वारला. पण 'व्हॉट हॅपन्ड टू यू' मधे त्याची जुनी रेकॉर्ड केलेली गिटार घेतलीय आणि गाणंच तिच्याभोवती बांधलंय. मला तिथं भरून आलं खरं सांगतो.

निपाणीकर:
माणसं पूर्ण नसली तर मला तरी खटकतं. ब्लॅक सबाथ या इंग्लिश बँडचा 2013 चा '13' अल्बम बघा, इंग्लंड-अमेरिकेत दोन्हीकडं एक नंबरला गेला, गिटारवाल्या टोनी आयोमीनं कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असताना वाजवलंय, त्याला हात जोडून नमस्कार. पण करारावरनं ओरिजिनल ड्रमर बिल वॉर्ड बाहेर राहिला आणि ड्रम्सवर ब्रॅड विल्क आला, चांगलाच वाजवतो तो, पण वॉर्डचा तो झुलता ठेका नाही ते नाहीच. वॉर्डसकट ओरिजिनल चौघं एकत्र आले ते थेट 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅममधे, आणि 22 जुलैला गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला. म्हणून म्हणतो, ॲलिस कूपरचा हा जिवंत असलेल्या सगळ्यांना घेऊन केलाय ना, मग नक्की घ्या.

शहापूरचे काका:
बाळा, सोबत डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा 1984 चा 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' पण ऐकव दादाला. काहीजण त्याला ओरिजिनल लाइनअप म्हणतात ते बरोबर नाही, गायक गिलन आणि बासवाला ग्लोव्हर 1969 ला आले, त्याआधी इव्हान्स आणि सिम्पर होते. पण पाचही जण अकरा वर्षांनी एका खोलीत बसून वाजवालेत हे ऐकू येतं. टायटल गाण्याच्या सुरवातीला जॉन लॉर्डचा ऑर्गन येतो तेव्हा माझ्या अंगावर अजून काटा येतो. कॅसेट इतकी घासली की रीळ बाहेर यायचं, पेन्सिलीनं गुंडाळून परत लावायचो. पुढं त्यांचं परत फाटलं, 1989 ला गिलनला काढलं, पण त्या अल्बमला धक्का नाही लागत.

टिळकवाडीचा धाकटा:
सगळ्यांचे आभार, ऑर्डर टाकली. खानापूरकर, ते बक्स्टनचं वाचून मला राहवलं नाही. दादाच्या बँडचा ड्रमर 2021 ला गेला, तेव्हापासनं माडीवर कुणी चढलेलं नाही, त्याचा स्नेअर ड्रम अजून तिथंच चादरीखाली आहे. पण त्यांच्या प्रॅक्टिसची एक कॅसेट आईच्या कपाटात सापडलीय, त्यात त्याचा काउंट स्पष्ट ऐकू येतो, वन टू थ्री फोर आणि मग काठ्या. बाकीच्या तिघांना फोन केलेत, वाढदिवसाला सगळे येतो म्हणालेत. कॅसेट डिजिटल करून देणारं बेळगावात कुणी असेल तर सांगा, टेप फार नाजूक झालीय, घरच्या प्लेअरवर लावायला भीती वाटालीय.