कॉलेजची बातमी आणि कायदा : तुमचे अनुभव सांगा (ठाणे–नवी मुंबई)

मीडियाच्या मुलांना कायद्याचा पेपर असतो. कलमं पाठ करायची, उत्तरपत्रिकेत ओतायची, विसरायची. कॉलेजच्या इन्स्टा पेजवर बातमी टाकताना मात्र तपासायला कोणी नसतं. ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळकडच्या आजी-माजी मंडळींनी आपले किस्से लिहा. कॉलेजचं, बिल्डरचं, माणसांचं नाव नको. घडलं काय ते हवं.

नेरूळकरीण : आमच्या भागातल्या एका लहान मुलीवरच्या अत्याचाराची बातमी होती. मुलीचं नाव अर्थातच नव्हतं. पण शाळा होती, इयत्ता होती, वडील एपीएमसीत माथाडी आहेत हे होतं, आणि आरोपी काका नावानिशी होता. आमची संपादक टीवायची, म्हणजे शेवटच्या वर्षाची होती. वाचून म्हणाली, "हिच्या घरी जायला आता रिक्षावाल्याला पत्ताही सांगावा लागणार नाही." मग पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम 23 उघडून समोर ठेवलं. नाव, पत्ता, फोटो तर नाहीच. शाळा, घरच्यांची माहिती, शेजार, ज्यातून मूल ओळखू येईल ते काहीच नाही. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. विशेष न्यायालयाला मुलाच्या हिताचं वाटलं तरच परवानगी.

एक जण अडून बसला, सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना माहीतच आहे म्हणून. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. ग्रुपवरचं चार दिवसांत वर सरकून जातं. आपलं लिखाण ती मुलगी नोकरीला लागेल तेव्हाही गुगलवर सापडेल. खरी भांडणं काकाच्या नावावरून झाली. आरोपीला का झाकायचं? पण नाव आणि नातं जोडीने दिलं की मुलगी उघडी पडते. शेवटी "ओळखीची व्यक्ती" एवढंच ठेवलं. बातमी निम्मी झाली, खाली चाइल्डलाइनचा 1098 टाकला.

ठाणे कोर्टातली वकील : वरच्यात भर. आरोपीच अल्पवयीन असेल तर त्याचीही ओळख देता येत नाही. बालन्याय कायदा 2015, कलम 74. सतरा वर्षांच्या पोराने गाडी ठोकली की भलेभले हे विसरतात. बलात्काराच्या प्रौढ पीडितेची ओळख न देण्याबाबतचं जुन्या दंड संहितेतलं कलम 228अ आता भारतीय न्याय संहितेत 72 आहे. 1 जुलै 2024 पासून आकडे बदललेत, तुमची गाइडं मात्र तीच आहेत.

घोडबंदरचा : टँकरवर जगणाऱ्या एका कॉम्प्लेक्सवर आम्ही लिहिलं. बिल्डरच्या वकिलाची नोटीस आली, अब्रूनुकसानीची. कॉलेजच्या ऑफिसातून निरोप : पोस्ट काढा. सरांनी दोनच गोष्टी मागितल्या, रहिवाशांची रेकॉर्डिंग्ज आणि बिल्डरला आधी पाठवलेला ईमेल. दोन्ही होतं. नोटीस म्हणजे खटला नव्हे, हे त्या दिवशी कळलं. फौजदारीत बचावासाठी नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगण्यात लोकांचं हित आहे हेही दाखवावं लागतं; पाण्याच्या बातमीत ते अवघड नव्हतं. खाली बिल्डरचा खुलासा जोडला. पोस्ट अजून आहे.

कोपरी पूर्व : @घोडबंदरचा, माहिती अधिकार टाकला होतात का? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराला तीस दिवस, आणि माहिती कशाला हवी हे सांगावं लागत नाही. फक्त अर्ज कॉलेजच्या पेजच्या किंवा मासिकाच्या नावाने नको. हक्क नागरिकाचा आहे, आपल्या नावाने करा.

घोडबंदरचा : टाकला होता की. उत्तर आलं तोवर पावसाळा लागला!

जुनी बीएमएम : नोव्हेंबर 2012 मध्ये मी शिकत होते. मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने लाइक केलं होतं. पालघर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच. घरोघरी आया पोरांची अकाउंटं बंद करायला लावत होत्या, माझीही. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ (ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणारं) सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. तरी त्याखाली गुन्हे नोंदवणं चालूच होतं, 2021 मध्ये कोर्टाने त्याबद्दल पुन्हा फटकारलं. कोणी 66अ दाखवून दरडावलं तर एवढी तारीख सांगा.

ऐरोली सेक्टर : आमच्याकडे एका विद्यार्थ्याने आत्महत्या केली. कॉलेज म्हणतं, मार्गदर्शक तत्त्वांमुळे लिहायचंच नाही. खरं आहे?

ठाणे कोर्टातली वकील : नाही. प्रेस कौन्सिलच्या 2019 च्या सूचना कसं लिहू नये ते सांगतात : पद्धत, जागा, फोटो नको, भडक मथळा नको. माझ्याकडून भर : चिठ्ठी देऊ नका, कारण एकच असल्यासारखं मांडू नका, मदतीचा नंबर द्या. कौन्सिल वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांसाठी आहे, तुमचं इन्स्टा पेज त्यात येत नाही, तरी हे पाळाच. पण कॉलेजात समुपदेशक आहे का, असला तर कोणत्या वेळी भेटतो, हे विचारायला कोणाची बंदी नाही. त्याच्या आईवडिलांना मात्र सध्या फोन करू नकोस, बाळा.

ऐरोली सेक्टर : नाही करत, ताई. समुपदेशकाचं विचारलं आज. जागा रिकामी आहे म्हणाले. हे लेखी मागतो.