निधीसाठी राईड: ४ दिवस, १८०० किमी. गाडीची तयारी कुठून सुरू करू?

जुना_रायडर
मंडळी, कॅन्सर रुग्णांच्या निधीसाठी राईड आहे. रोज साधारण ४५० किमी. गाडी ३५० सीसी, एअर-कूल्ड सिंगल, ट्यूबलेस टायर, २२,००० किमी झालेली. चेन-स्प्रॉकेट (चेन बसते ती दातेरी चाकं) मूळचंच. ४० वर्षं बाईक चालवतोय, पण सलग चार दिवस एवढं अंतर पहिल्यांदाच. दीड महिना हातात आहे. लोकांनी किलोमीटरमागे पैसे कबूल केलेत, राईड अर्ध्यावर सुटायला नको.

चेनवाला
काका, चेनपासूनच सुरू करा. मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. दात एका बाजूला कलून आकड्यासारखे दिसत असतील तर स्प्रॉकेटही गेलं. बदलायचं तर दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदमच. झिजलेले दात नव्या चेनला लवकर खातात.

ढिलाई (चेन वर-खाली किती हलते ती) मोजताना चाक फिरवून चेन सगळ्यात ताठ कुठे होते ते शोधा आणि तिथेच मोजा. बऱ्याच गाड्यांना २५ ते ३५ मिमी लागते, पण मॅन्युअलमधला आकडा खरा. जास्त ताठ ठेवू नका. सामान लादल्यावर मागचं सस्पेन्शन बसतं, चेन आणखी ताणली जाते आणि सगळा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

ओ-रिंगची (सांध्यांत रबरी सील असलेली) चेन रॉकेलने पुसा, पेट्रोलने नाही, रबर खराब होतं. ल्यूब (चेनचं वंगण) मुक्कामी पोचल्यावर, चेन गरम असतानाच, आतल्या बाजूने मारा. रात्रभर मुरतं. सकाळी निघताना मारलं तर निम्मं रिमवर उडतं. दर ५०० किमीला हे करायचं, आणि भिजली तर त्याच संध्याकाळी.

मल्टीमीटर
चेनबद्दल वर आलंच आहे. रस्त्यात गाडी बंद पाडणारी दुसरी गोष्ट म्हणजे चार्जिंग. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन चालू करून रेस थोडी वाढवली की १३.८ ते १४.५. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर (चार्जिंगचा व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) बॅटरी उकळवतोय. त्याचा कप्लर (वायरींचा जोड) उघडून नक्की बघा: एखाद्या पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर ती पिन सैल आहे आणि तापतेय. मीटर हे दाखवत नाही.

ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला. ते हवेतला ओलावा धरतं, लांब उतारावर उकळतं आणि लिव्हर थेट ग्रिपला टेकते. क्लचची एक नवी जादा केबल जुनीच्या शेजारूनच ओढून, टोकं टेपने बंद करून बांधून ठेवा. तुटली तर फक्त टोकं जोडायची.

डांबरी
टायरची नक्षी ३ मिमीच्या खाली असेल तर आत्ताच बदला, म्हणजे नव्या टायरचे पहिले २०० किमी बेताने चालवून होतील. हवा टायर थंड असतानाच तपासा. पंक्चरचा प्लग एखाद्या जुन्या टायरवर लावून हात बसवा.

तीन आठवडे आधी पूर्ण सामान लादून लागोपाठ दोन दिवस ३००-३०० किमी चालवा. एका दिवसाने काही कळत नाही, दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी बोलतं. बोटांना मुंग्या येत असतील तर लिव्हर जरा खाली फिरवा, मनगट सरळ राहिलं पाहिजे. इअरप्लग घाला, वाऱ्याचा आवाज माणसाला फार थकवतो. शेवटच्या आठवड्यात नवीन काहीच नको, बूटसुद्धा.

जुना_रायडर
चेन ओढून पाहिली, अर्धा दात दिसतोय. सेट मागवतो. इंजिन ऑइल कधी बदलू?

चेनवाला
चाचणीच्या राईडआधी, ड्रेन बोल्टच्या नव्या वॉशरसकट. गळत असेल तर त्या ६०० किमीत दिसेल. राईडला त्याच ग्रेडचं अर्धा लिटर सोबत घ्या, आणि रोज सकाळी गाडी सपाटीवर सरळ उभी करून लेव्हल बघा.