बकेटहेडचा 'कोल्मा' ऐकलेल्यांनी मत सांगा, पुढे काय ऐकू?

मंडळी, मदत हवी आहे. बकेटहेड म्हणजे पांढरा मुखवटा लावून, डोक्यावर बादली घालून वाजवणारा गिटारिस्ट, २००० ते २००४ या काळात गन्स अँड रोझेस या रॉक बँडमध्ये होता तोच. त्याचा विषय निघाला की सगळे वेगाबद्दल आणि किलस्विचबद्दल बोलतात. (गिटारवरचं हे बटण दाबलं की आवाज तेवढ्यापुरता तुटतो आणि सूर यंत्रासारखे तडतडतात. भन्नाट प्रकार आहे!)

मी मात्र सध्या त्याच्या १९९८ च्या 'कोल्मा'त अडकलोय. आई आजारी होती, तिला ऐकता यावं म्हणून त्याने हा अल्बम केला, आणि ते ऐकताना जाणवतं. 'बिग सर मून' हेडफोन लावून ऐका. वाजवलेल्या सुरामागे त्याचाच पडसाद असा येतो की दोघे जण वाजवतायत असं वाटतं. 'फॉर मॉम' तर फारच साधं, तरी मी दर वेळी हातातलं काम थांबवतो.

माझा मित्र म्हणतो, हे नुसतं मागे लावून ठेवायचं संगीत आहे. मला अजिबात पटत नाही. तुम्हाला काय वाटतं? शेवटपर्यंत सलग ऐकता का?

आणि याच जातीचं पुढे काय ऐकू? 'इलेक्ट्रिक टिअर्स' (२००२) यादीत आहेच. खरी पंचाईत २०११ पासूनच्या त्याच्या 'पाइक' या क्रमांक दिलेल्या अल्बमांच्या मालिकेची. शेकडो अल्बम! त्यातले शांत, सुरेल कोणते? नुसते क्रमांक लिहिलेत तरी चालेल, पण का आवडले तेही सांगा.