मदत हवी आहे: सर्वेक्षणाचा माणूसवार डेटा बाहेरच्या संशोधकांना कसा उघडून द्यावा? (नागपूर)

कोष्टक_४४०
नागपुरातल्या एका संस्थेकडे जिल्ह्याच्या १४ तालुक्यांतल्या घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणाची फाइल आहे. एक ओळ म्हणजे एक माणूस. वय, लिंग, जात, शिक्षण, घरखर्च, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीचा निकाल, गावाचा कोड, पिनकोड, जीपीएस, फॉर्म क्रमांक, सर्वेक्षकाचा कोड, वेट (नमुन्यातला एक माणूस किती जणांच्या वतीने मोजायचा तो आकडा). नावं आणि मोबाइल नंबर काढलेत. ओळखक्रमांक म्हणून मोबाइल नंबरचा एसएचए-२५६ हॅश (नंबरवरून गणिताने काढलेली खूण; त्याच नंबरची खूण दरवेळी तीच) ठेवलाय. वर्धा, पुणे, दिल्लीहून पीएचडीवाले फाइल मागून राहिले. ईमेलने द्यायची नाही, त्यांनी इथे येऊन काम करावं, एवढं ठरलंय. हाताशी एक रिकामी खोली, दोन डेस्कटॉप आणि एक जुना सर्व्हर. फाइलीतून आणखी काय काढू, खोलीत काय लागेल, निकाल बाहेर कसे सोडू, आणि कायद्याचं काय?

टाकळी_फीडर
तो हॅश आजच काढा. आपले मोबाइल नंबर १० आकडी, सुरुवात ६ ते ९ ने, म्हणजे फार तर ४०० कोटी पर्याय. साधं ग्राफिक्स कार्ड त्या सगळ्यांचे हॅश काही मिनिटांत काढून तुमच्या रकान्याशी जुळवतं. नंबर फाइलीतच आहेत, फक्त बुरखा घालून. त्याजागी निव्वळ रँडम क्रमांक द्या. जुना-नवा क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या एन्क्रिप्टेड डिस्कवर, आणि ती डिस्क विश्लेषण न करणाऱ्या माणसाच्या कुलुपात.

जीपीएस जाणारच, पण खरे चहाडखोर वेगळे असतात. फॉर्मचे गठ्ठे गावागणिक वाटलेले असतात, म्हणून क्रमांकाच्या सुरुवातीवरूनच गाव कळतं. मुलाखतीची तारीख आणि सर्वेक्षकाचा कोड शेजारी असले तरी तेच. ओळींचा क्रमसुद्धा बोलतो, कारण शेजारची घरं शेजारच्या ओळींत असतात. फाइल पत्त्यांसारखी पिसून घ्या. आणि वेट! एका गावातल्या सगळ्या घरांना एकच वेट, तोही सहा-सात दशांश स्थळांपर्यंत. गावाचा कोड उडवला तरी वेटवरून गावं सुटी होतात, आणि नमुना निवडीची यादी ज्याच्याकडे आहे त्याला नावानिशी मिळतात. बाहेर जाणाऱ्या फाइलीत वेट दशांश तोडून, ढोबळ करून द्या. नेमका वेट खोलीतच.

नकाशा लागणाऱ्यांसाठी एनएफएचएसचा (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) नमुना आहे: शहरी ठिकाणं २ किमीपर्यंत, ग्रामीण ५ किमीपर्यंत आणि त्यातली १ टक्का १० किमीपर्यंत मुद्दाम सरकवलेली असतात, जिल्हा मात्र बदलत नाही.

वाडीचा_मास्तर
एवढं करूनही माणूस सापडतो. लाटान्या स्वीनी यांनी २००० साली अमेरिकेच्या जनगणनेवरून अंदाज काढला होता की जन्मतारीख, लिंग आणि ५ आकडी झिप कोड एवढ्यावर ८७ टक्के लोक एकटे पडतात. इथे समजा, भिवापूर तालुका, ५८ वर्षांची, एम.ए. झालेली, अमुक पोटजातीची बाई. अशी एकच असली तर ती सिकलसेलची वाहक असल्याचं गावभर होईल, मग घरातल्या पोरीच्या लग्नाच्या बैठकीत काय होतं ते विदर्भात सांगायला नको.

आर या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमधलं एसडीसीमायक्रो हे पॅकेज फुकट आहे. त्यात वय, लिंग, जात, शिक्षण, तालुका ही ओळख पटवणारी पाच चलं (म्हणजे रकाने) आणि वेट सांगा. किती ओळी एकट्या आहेत ते लगेच दिसतं. आधी वय पाच वर्षांच्या गटांत, ८० च्या वरचे सगळे एकत्र, जात प्रवर्गापर्यंत, पिनकोड बाद. त्यानंतर उरलेल्या एकट्यांच्या नोंदी गाळा. उलट्या क्रमाने केलं तर पॅकेज इतक्या नोंदी गाळतं की फाइल चाळणी होते. सारख्या दिसणाऱ्या माणसांचे पाच-पाचचे गट झाले म्हणून निर्धास्त राहू नका. गटातले पाचही वाहक निघाले तर कोण कोणता हे कळायची गरजच उरत नाही.

ऊन४७
खोलीबद्दल. डेटा सर्व्हरवरच राहील, डेस्कटॉप फक्त पडदा. सर्व्हर इंटरनेटला जोडायचाच नाही. दोन डेस्कटॉप आणि तो, मधे एक स्विच, बस. रिमोट डेस्कटॉपमध्ये क्लिपबोर्ड, प्रिंटर आणि ड्राइव्ह जोडणं तिन्ही बंद करा. लोक यूएसबी बंद करतात आणि क्लिपबोर्ड विसरतात. यूएसबी बायोसमधूनच (संगणकाच्या मूळ सेटिंगमधूनच) बंद करा, पण आधी पाहून घ्या, एखाद्या सॉफ्टवेअरचा परवाना डोंगलवर (यूएसबीत लावायच्या किल्लीवर) असेल तर तो त्याच दिवशी बंद पडतो. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये. पडद्याची पाठ भिंतीकडे असली तर चालते, काचेच्या दाराकडे तोंड नको.

जास्त डोकेदुखी पॅकेजांची. दिल्लीहून तीन दिवसांसाठी आलेला माणूस पहिल्याच तासाला म्हणतो, अमुक पॅकेज नाही. म्हणून यायच्या पंधरा दिवस आधी यादी मागा. सोबत नकली फाइल पाठवा: रकान्यांची नावं आणि कोड तेच, आकडे बनावट. प्रोग्राम घरी लिहून आणतील, खोलीत फक्त चालवतील.

आणि हो, त्या खोलीत डेझर्ट कूलर लावू नका बाप्पा. मे महिन्यात मोह होतो, पण दमट हवा आणि धूळ थेट सर्व्हरच्या पोटात जाते. स्प्लिट एसी आणि यूपीएस, पैसे इथेच घाला.

सांख्यिकी_ताई
खोली, कुलूप सगळं ठीक. पण डेटा फुटतो तो निकालाच्या फाइलीतून. तुमच्याकडे एकच माणूस लावायची सोय असेल तर त्याला निकाल तपासायला बसवा, दारावर नको.

बाहेर फक्त सीएसव्ही, साधा मजकूर आणि पीएनजी. एक्सेलचा पिव्हट टेबल मूळ ओळी आतल्या आत साठवून ठेवतो. वरून चार आकड्यांचा तक्ता दिसतो, टोटलवर दोनदा क्लिक केलं की मागच्या सगळ्या ओळी नव्या पानावर हजर. आर मध्ये एलएमचं (रिग्रेशनचं, म्हणजे एका गोष्टीवर बाकीच्यांचा किती परिणाम ते काढणारं) मॉडेल तसंच्या तसं सेव्ह केलं तर त्यात वापरलेली चलं ओळीनिशी जातात. जीजीप्लॉटने काढलेल्या आलेखाच्या ऑब्जेक्टचंही तेच.

तक्त्यात प्रत्येक चौकटीमागे किमान १० माणसं, वेट न लावता मोजलेली. ती मोजणी संशोधकानेच तक्त्यासोबत द्यायची. नसेल तर तपासायलाच घेऊ नका. कमाल आणि किमान नको, ते कुणा एकाचेच आकडे असतात. स्कॅटर प्लॉट नको, बॉक्सप्लॉटमधले सुटे ठिपके नको. ० टक्के आणि १०० टक्के दिसले की थांबा.

आता वजाबाकी. समजा तक्ता असा: उमरेड ३१, भिवापूर २८, कुही *, एकूण ६३. कुहीचे ४ झाकलेत असं वाटतं, पण बेरीज दिली की ते उघडेच. अजून एक चौकट झाका, नाहीतर बेरीज काढा. हीच वजाबाकी दोन तक्त्यांतही होते: मार्चमध्ये एकाने १८ वर्षांवरचे २१२ नेले, जुलैत दुसऱ्याने १९ वर्षांवरचे २११ नेले, फरक एकाच माणसाचा. म्हणून सोडलेल्या प्रत्येक निकालाची प्रत ठेवा आणि नवा निकाल जुन्यांसमोर धरा. याला वेळ लागतो. संशोधकाला पाच कामाचे दिवस आधीच सांगून ठेवा.

कोष्टक_४४०
ताई, १० ची अट लावली तर छोट्या तालुक्यांचं काहीच निघणार नाही. कुरकुर होईल.

सांख्यिकी_ताई
होऊ द्या. शेजारचे तालुके आधीच जोडून चार-पाच गट ठरवा आणि सगळ्यांना तेच द्या. प्रत्येकाने आपापली जोडणी केली तर वजाबाकीला नवी वाट मिळते. रिग्रेशनला ही अडचण कमी; त्याचे गुणांक सहसा सोडता येतात. फक्त सगळी चलं हो-नाही स्वरूपाची आणि त्यांचे एकमेकांशी सगळे गुणाकार आत घातलेले असतील तर ते मॉडेल म्हणजे वेषांतर केलेला तक्ता, त्याला तक्त्याचीच अट.

वाडीचा_मास्तर
कायद्याचं थोडक्यात. २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा किंवा १९४८ च्या जनगणना कायद्यातलं कलम १५ यांचं नाव करारात घालू नका. खासगी संस्थेच्या सर्वेक्षणाला ते संरक्षण आपोआप मिळत नाही. तुमच्या कामाचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, कलम १७: संशोधन आणि सांख्यिकीसाठी सूट आहे, पण त्या डेटावरून कुणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवलेली मानकं पाळायची. वाहकांची यादी आरोग्य शिबिराला द्या, अशी मागणी येईलच. हेतू चांगला असला तरी ती या दाराने द्यायची नाही.

त्याआधी संमतीपत्र काढून वाचा. ‘माहिती फक्त आमच्या संस्थेपुरती’ असं त्यावर छापलं असेल तर खोली रंगवायच्या आधी नैतिकता समितीकडे जावं लागेल. करार विद्यार्थ्याशी नको, त्याच्या विद्यापीठाशी करा आणि गाइडची सही घ्या. विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो.

कोष्टक_४४०
संमतीपत्र काढलं. मराठी प्रतीत ‘संशोधनासाठी’ आहे, हिंदी प्रतीत ‘केवल इस संस्था के लिए’. कामठी आणि शहरातल्या बऱ्याच घरांत हिंदी प्रत वापरलीय.

वाडीचा_मास्तर
मग कोणत्या घराने कोणती प्रत सही केली याचा रकाना आधी तयार करा. समितीचा निर्णय येईपर्यंत हिंदी प्रतीची घरं संशोधकांच्या फाइलीबाहेर ठेवा आणि वेट नव्याने काढा, नाहीतर शहर आणि कामठीचे अंदाज गडबडतील.